वाचनालयात पेस्ट कंट्रोल करूनही कसर आणि वाळवी परत का येते?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या तुमच्या वाचनालयात दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतं, कपाटांत डांबरगोळ्या आहेत, तरी पावसाळ्यात कसर आणि वाळवी परत येतेच. मी ठाण्यातच एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथसाठा सांभाळते, म्हणून सविस्तर लिहिते.

फवाऱ्याने दिसलेला किडा मरतो, त्याला बोलावणारी ओल तशीच राहते. खाडीकाठचं शहर आपलं, जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी काही हटत नाही. कसरीला अशी दमट हवा, अंधार आणि खळ एवढंच लागतं. बांधणीची खळ, लेबलामागचा डिंक, कागदावरची कांजी हे सगळं तिचं अन्न. खायला मिळालं नाही तरी ती कित्येक महिने तग धरते. त्यामुळे तीन महिन्यांच्या फवाऱ्याची तिला फारशी फिकीर नसते.

आधी नुकसान कोणी केलंय ते पाहा. पुस्तक उजेडात तिरपं धरा. कसर कागद वरवर खरवडते: लेबलाची चकाकी उडालेली, पान जागोजागी झिरझिरीत, कडा वेड्यावाकड्या. टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पानामागून पान आरपार गेलेलं असेल आणि पुस्तक आपटल्यावर बारीक भुगा पडत असेल, तर ती भुंगेऱ्याची अळी. ती पुस्तकाच्या आतच वाढते, बाहेरचा फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. आणि भिंतीवर किंवा कपाटामागे मातीची नळी दिसली तर वाळवी. तिघींवर इलाज वेगळे आहेत, सरसकट एकच औषध मारणं म्हणजे पैसे वाया.

वाळवीचं काम जाणकारानेच करायचं. जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे साधारण फूटभर अंतराने भोकं पाडून औषध आत सोडावं लागतं. नुसती नळी पुसून वर फवारलं की ती दुसरीकडून येते. लाकडी कपाटं भिंतीला टेकलेली असतील तर आजच सरकवा. घोडे (पुस्तकांचे रॅक) भिंतीपासून वीतभर लांब आणि खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर असावा, म्हणजे मागे हवा खेळते आणि झाडू, टॉर्च दोन्ही पोचतात.

ओलीसाठी एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, महाग नसतो. तो टेबलावर न ठेवता सगळ्यात आतल्या भिंतीलगत, खालच्या कप्प्यात ठेवा. आकडा सतत ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीही येणार हे धरून चाला. पंखे आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, पण बाहेर झड लागली असेल तेव्हा खिडक्या बंदच बऱ्या. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो. थंड झालेल्या पुस्तकांवर रात्री दमट हवा येऊन बसते.

साफसफाई वरच्या कप्प्यापासून खाली. पुस्तक मिटलेलं घट्ट धरून मऊ ब्रशने धूळ पाठीकडून बाहेरच्या कडेकडे झाडायची. ओलं फडकं पुस्तकाला लावायचंच नाही. नवरात्र ते दिवाळी, हवा कोरडी झाली की एकेक घोडा रिकामा करून पुसा आणि पुस्तकं सावलीत उभी, थोडी उघडी ठेवा. कडक उन्हात कागद पिवळा पडतो, बांधणी वाकते. वर्षानुवर्षं कोणी न हलवलेला कोपराच आधी किडतो. म्हणून साठा पडताळणीला निव्वळ कागदी काम समजू नका, ती पुस्तकांची तपासणीच आहे.

देणगीत आलेले खोके थेट आत नेऊ नका, किडे बहुधा तिथूनच येतात. वेगळ्या खोलीत उघडा, एकेक पुस्तक पाहा. संशयित पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर धरतं, कागदावर नाही. यात अंडी, अळ्या सगळं मरतं आणि कुणाच्या श्वासात विष जात नाही. दुर्मिळ किंवा चामडी बांधणीची पुस्तकं मात्र आधी जतनतज्ज्ञाला दाखवा. आपल्या ठाण्यातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ची. इतका जुना वारसा असलेल्या शहरात जुनं पुस्तक घाईने रद्दीत जाताना पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

डांबरगोळ्या उघड्या घोड्यांवर निरुपयोगी आहेत, वास फक्त वाचकांच्या नाकात जातो. सेल्फॉसच्या, म्हणजे धान्यातली कीड मारायच्या, विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या तर कुणी कितीही सुचवोत, आणू नका. त्या वायूने माणसं दगावली आहेत.

झुरळं, उंदीर अभ्यासिकेतल्या जेवणाच्या डब्यांमुळे येतात. मुलांना ओरडू नका, ती दिवसभर तिथेच बसतात. बाहेर खायला एक टेबल आणि कचऱ्यासाठी झाकणाचा डबा द्या, रात्री रिकामा करा. खिडकीतली कबुतरांची घरटीही काढा, पिल्लं उडून गेल्यावर. त्यातले भुंगेरे आत शिरतात.

पुढच्या करारात पेस्ट कंट्रोलवाल्याकडून लेखी घ्या: कोणतं औषध, कुठे मारणार, आणि पुस्तकांवर थेट फवारणी नाही. आणि मातीची नळी नक्की कोणत्या भिंतीवर दिसली ते इथे कळवा, ती बाहेरची भिंत आहे की संडास-बाथरूमलगतची यावर पुढचं ठरेल.