क्युसेक म्हणजे कितवी पायरी?

प्रिय मुली,

आशीर्वाद. तुझा पूर-इशाऱ्याचा आराखडा दोनदा वाचला. सेन्सर, नकाशे, डॅशबोर्ड, सगळं देखणं आहे. पण त्यात एकही जिना नाही!

हसू नकोस. समज, मोबाइलवर निरोप आला, 'खडकवासला धरणातून विसर्ग ३५ हजार क्युसेक'. तळमजल्यावरच्या आजींनी त्याचं करायचं काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. तेव्हा नदीत दर सेकंदाला दहा हजार लिटरवाले शंभरेक टँकर रिकामे होतायत, असं सांग. टँकर पुणेकरांच्या चांगला ओळखीचा आहे. तरी आजींचा प्रश्न उरतोच: पाणी आमच्या कितव्या पायरीपर्यंत येणार, आणि किती वाजता? २५ जुलै २०२४ ला पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत पाणी घरात शिरलं, तेव्हा लोकांना एवढंच हवं होतं. सोसायटीच्या जोत्याची उंची मोजलेली नसेल तर तुझं मॉडेल हे सांगू शकणार नाही. ती मोजायला मात्र टेप घेऊन दारोदार जावं लागतं.

जुने पुणेकर मुठेवरच्या बुटक्या भिडे पुलाकडे बघून अंदाज बांधतात. पूल पाण्याखाली गेला की नदीकाठी आवराआवर सुरू. फुकटचा सेन्सर आहे तो. तुझे आकडे आधी त्याच्याशी ताडून बघ.

ओढ्याची गोष्ट निराळी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा कोपला तो धरणाच्या विसर्गाने नव्हे, कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाने. नदीच्या पुरात बहुधा काही तास हाताशी असतात, ओढा तेवढी सवड देत नाही. म्हणून पर्जन्यमापक वर डोंगरात हवा आणि भोंगा खाली वस्तीत. मधे साहेबाची सही नको. हे अनुभवाने सांगतोय. नोकरीत असताना मी एका ओढ्याकाठच्या घरांचा नकाशा मोठ्या हौसेने केला होता. पाऊस आला त्या रात्री तो कुलूपबंद कपाटात होता आणि लोकांना उठवलं ते एका वॉचमनने, दारं बडवून.

आरोग्याचंही तेच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, संशय पाण्यावर गेला. क्लोरीन टाकीवर मोजून भागत नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं, आणि ते तपासायला दोन थेंबांचं साधं किट पुरतं.

येत्या रविवारी कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याच्या काठाने चालत ये. वाट जिथे अडेल तिथे कशाने अडली ते वहीत लिही. मी पुलापाशी थांबतो. चहा माझ्याकडून.

तुझा,
काका