‘बागेत घाण आहे’ एवढ्याने भागत नाही

प्रश्न : घराजवळच्या बागेतल्या कचऱ्याबद्दल दोनदा फोन केला, एकदा फोटोही पाठवला. माणूस येऊन गेला म्हणतात, पण कचरा तसाच आहे. आमचे काय चुकते?

बहुतेक वेळा जागा सांगण्यात चूक होते. ‘बागेत कचरा आहे’ एवढेच कळलेला मुकादम फाटकाशी नजर टाकतो, तिथली कुंडी रिकामी दिसली की परत जातो. तुमचा ढीग असतो मागच्या कुंपणाशी. म्हणून बाग कधी न पाहिलेला माणूसही थेट पोचेल अशी जागा लिहा : ‘नदीकडच्या फाटकातून आत आल्यावर डावीकडचा तिसरा बाक, त्याच्या मागे कुंपणाला लागून.’

मग काय आणि किती ते लिहा. ‘दोन गोणी सुका कचरा, त्यात फुटलेल्या बाटल्यांच्या काचा’ असे कळले तर कामगार जाड हातमोजे आणि घमेले घेऊन येतात. माडाच्या झावळ्या किंवा तुटलेल्या फांद्या असतील तर टेम्पो लागतो, कचऱ्याची नेहमीची गाडी त्या घेत नाही.

वेळही लिहा, कारण दोष पुष्कळदा तिथेच सापडतो. कुंडी रविवारी संध्याकाळी ओसंडून वाहत असेल आणि गाडी सोमवारी दुपारी येत असेल, तर नव्या कुंड्या मागून उपयोग नाही. रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे फेरी मागा. सलग दोन आठवड्यांच्या वेळा टिपून जोडल्या तर ही मागणी टाळणे अवघड जाते.

फोटो दोन हवेत : एक जवळून, एक लांबून, ज्यात पुतळा, फाटक किंवा फलक अशी न हलणारी खूण दिसेल. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची नोंद गळून जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लोकेशन वेगळे द्या. खेळणाऱ्या मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका.

फोननंतर कागद द्याच. अर्जाच्या दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. १९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात सरकारी कामकाजात मराठीलाही स्थान आहे, तेव्हा अर्ज मराठीत लिहायला संकोच नको. एका अर्जात एकच विषय ठेवा. कचरा, दिवा आणि झोपाळा एकाच कागदावर लिहिले की तो कागद एका टेबलावर जातो आणि बाकीची दोन कामे तशीच राहतात.

प्रश्न : बाग नेमकी कुणाची हे कसे कळणार? सगळेच ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणतात.

पणजीत महानगरपालिका, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को अशा शहरांत नगरपालिका, आणि शहराला लागून असलेल्या पर्वरीसारख्या भागात पंचायत, इथून सुरुवात करा. पण काही बागा वनखात्याने किंवा दुसऱ्या सरकारी खात्याने केलेल्या असतात, काही मोकळ्या जागा गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत येतात. फाटकावरचा फलक, उद्घाटनाची कोनशिला आणि विजेच्या मीटरवरचे नाव पाहा. मीटरचे बिल कोण भरतो हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा, कारण फलक जुना असू शकतो.

प्रश्न : मुलांचा झोपाळा फार कुरकुरतो. तेवढ्यासाठी तक्रार करावी का?

कुरकुर बहुधा वरच्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये ग्रीस नसल्याची असते. ते काम लहान आहे, पण त्या निमित्ताने तीन जागा नीट पाहा.

पहिली, साखळी वर अडकवलेली असते तो आकडा. लोखंडावर लोखंड घासून सर्वांत वरची कडी झिजते. तिची जाडी साखळीच्या मधल्या कडीशी ताडून बघा, फरक नजरेला येतो. आकड्याचे तोंड मिटलेले हवे. त्यात एटीएम कार्ड सैल जात असेल तर तोंड उघडले आहे. त्यात कपड्याची दोरी अडकते, आणखी उघडले तर साखळीच निसटते.

दुसरी आणि आपल्याकडे सर्वांत घातक जागा म्हणजे खांबाचा पाय, जिथे पाइप काँक्रीटमध्ये शिरतो तेवढे बोटभर अंतर. तिथे पावसाचे पाणी साचते, त्यात खारी हवा. वरून रंग चकचकीत आणि आतून पाइप कागदासारखा पातळ, अशी स्थिती होते. रंगाला फुगे आले असतील, किल्लीने ठोकल्यावर वरच्या भागासारखा खणखणीत आवाज न येता बद्द आवाज येत असेल, तर खांब गेला असे धरा. अर्जात ‘रंग नको, गंजलेला भाग कापून नवा जोडावा किंवा खांब बदलावा’ असे स्पष्ट लिहा. गंजावर रंग मारला की पुढच्या माणसाला धोका दिसतच नाही.

तिसरी, खालची जमीन. मुलांच्या पायांनी खड्डा पडून काँक्रीटचा पाया उघडा पडला असेल तर त्यावर पडणारे डोके फुटेल. वाळू दबून घट्ट झाली असेल तर ती उकरून सैल करावी लागते, नुसती वर ओतून भागत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत फीत बांधून मुले थांबत नाहीत. झोपाळ्याची बैठक काढून घ्यायला सांगा.

प्रश्न : शहाळी पिऊन लोक झुडपात टाकतात. डासांचा त्रास वाढला आहे.

डेंग्यूचा एडिस डास अशा शहाळ्यांत साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर सात दिवसांच्या आत सगळी शहाळी, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या झाल्या पाहिजेत. नुसते पाणी ओतून टाकू नका. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे भांडे घासावे लागते. अर्जाची एक प्रत जवळच्या आरोग्य केंद्राला द्या, आणि शहाळेवाल्याच्या गाड्यापाशीच वेगळे पिंप ठेवण्याची मागणी करा.

प्रश्न : पावसात दिव्याच्या खांबाला हात लागला की मुंग्या येतात.

ही तक्रार अर्जाची नाही. लगेच १९१२ या वीज खात्याच्या क्रमांकावर फोन करा, खांबावरचा क्रमांक सांगा, आणि कुणी येईपर्यंत मुलांना लांब ठेवा. खांबाच्या बुडाशी असलेल्या पेटीचे झाकण गायब असणे हे नेहमीचे कारण. नंतर लेखी अर्जात झाकण, अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) या तिन्हींची तपासणी मागा.

प्रश्न : अर्ज देऊन दीड महिना झाला. उत्तर नाही.

आवक क्रमांक लिहून माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘दुरुस्ती का केली नाही?’ असे विचारू नका, कारण दप्तरात असलेलीच माहिती मिळते. त्याऐवजी मागा : अर्जावर झालेल्या कार्यवाहीची नोंद, बागेच्या देखभालीच्या कंत्राटाची प्रत, गेल्या सहा महिन्यांतली कंत्राटदाराची बिले. कंत्राटात ‘रोज सफाई, महिन्यातून एकदा खेळण्यांची तपासणी’ असे कलम निघाले तर पुढच्या अर्जात तेच कलम क्रमांकासह लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्या कायद्याच्या कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. उत्तर आले नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा.