स्वर लिहून दिलेले असताना गायकाचे काय उरते?

प्रश्न : मी धरमपेठेत राहतो आणि तरुणपणापासून ख्यालगायनाच्या मैफली ऐकत आलो आहे. माझ्या पुतण्याने अलीकडे इटालियन संगीतकार वेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराची तीन वेगवेगळ्या गायिकांची ध्वनिमुद्रणे आणून दिली आणि ती ताडून पाहा असे सुचवले. संगीतकाराने प्रत्येक स्वर, त्याची लांबी आणि त्यावरचा जोरसुद्धा लिहून ठेवला असेल, तर गायिकेने स्वतःचे असे काय करायचे? आपल्याकडे दोन गवई एकाच यमनाची दोन निराळी रूपे उभी करतात. येथे तेच ते तीनदा ऐकून काय पदरात पडणार?

उत्तर : ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला हा प्रश्न पडला नसता तरच नवल. मात्र सगळेच ऑपेरासंगीत आरंभापासून इतके बांधलेले होते, असे समजू नये. अठराव्या शतकात, संगीतकार हेंडेलच्या काळी, आरियाचा (म्हणजे ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्याचा) पहिला भाग शेवटी पुन्हा गायचा प्रघात होता आणि त्या पुनरावृत्तीत गायकाने आपल्या बुद्धीने अलंकार घालावेत, अशीच श्रोत्यांची अपेक्षा असे. फारिनेल्लीसारख्या गायकांची कीर्ती युरोपभर पसरली, त्यात या कौशल्याचा वाटा मोठा होता. पुढे संगीतकार रोसिनी अलंकारही स्वतःच लिहून देऊ लागला आणि वेर्दीपर्यंत येता येता गायकाच्या हातातून स्वर बव्हंशी निघून गेले. म्हणजे ज्या बांधिलकीचे आपल्याला नवल वाटते, ती त्या परंपरेतही उशिरा आलेली आहे.

आता उरले काय, ते पाहू. आपल्याकडील तिन्ही ध्वनिमुद्रणांतला फक्त तिसऱ्या अंकाचा आरंभ लावावा. क्षयाने खंगलेली नायिका व्हायोलेट्टा प्रियकराच्या वडिलांचे पत्र वाचते. हे पत्र ती गात नाही, बोलते; आणि पहिल्या अंकातली प्रेमाची चाल त्या बोलण्याच्या मागे व्हायोलिनवर अगदी दबक्या आवाजात वाजत राहते. पत्र संपते, ती ‘उशीर झाला’ एवढेच म्हणते आणि ओबो या सुषिर वाद्याच्या करुण सुरावटीमागून तिच्या निरोपाची आरिया सुरू होते. या आरियाच्या अखेरच्या तार स्वरावर वेर्दीची सूचना आहे, की तो आवाजाच्या केवळ एका धाग्याने गायचा. स्वर ठरलेला, लांबी ठरलेली, परंतु तो धागा किती बारीक कातायचा, त्याआधी श्वास कोठे घ्यायचा, मरणाऱ्या स्त्रीचा दम संपत आल्याचे सुरात दाखवायचे की सूर निर्मळ ठेवून ते श्रोत्याच्या कल्पनेवर सोडायचे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. मारिया कॅलासचे १९५५ मधील मिलानच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण आपल्या संचात असेल, तर तेथे शब्दाचे वजन राखण्यासाठी आवाजाची गोलाई सोडून द्यायलाही ती कशी कचरत नाही, हे कानांना लगेच कळेल. जोन सदरलंडचा आवाज त्या तुलनेत कितीतरी भरीव आणि सुरेल आहे, पण तिचे बोल पुसट ऐकू येतात, ही तक्रार तिच्या चाहत्यांनीही केलेली आहे. ठुमरी ऐकताना आपण एकाच बोलावर गायिकेने आवाज कसा लावला याकडे जितके लक्ष देतो, तितकेच येथे द्यावे. राग कसा बढवला ते शोधत बसलो, तर हाती काही लागणार नाही.

एकाच लिखित संगीताचे नशीब गायकांवर किती अवलंबून असते, याचा पुरावा याच कृतीच्या इतिहासात सापडतो. ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे या रंगमंदिरात तिचा पहिला प्रयोग झाला आणि तो साफ पडला. नायिकेची भूमिका करणारी गायिका अंगाने चांगलीच भरलेली असल्यामुळे तिला क्षय झाला आहे, हे ऐकून प्रेक्षक हसले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी, थोडे फेरफार करून आणि निराळ्या गायकांना घेऊन, तीच कृती त्याच शहरात दुसऱ्या रंगमंदिरात उभी राहिली आणि तेव्हापासून ती कधी मागे पडली नाही.

न लिहिलेल्या स्वरांचीही एक गंमत आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी अनेक सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाच्या गायिका) जो अतितार स्वर लावतात, तो वेर्दीने लिहिलेलाच नाही. वेर्दीच्याच ‘इल त्रोव्हातोरे’मधील टेनरच्या (उंच पुरुषी आवाजाच्या गायकाच्या) प्रसिद्ध युद्धगीताच्या अखेरीचा तार ‘सी’ हा स्वर असाच रूढीने आलेला आहे. डिसेंबर २००० मध्ये मिलानच्या ला स्काला या रंगमंदिरात हंगामाच्या उद्घाटनाला वाद्यवृंदाचे कंडक्टर (संचालक) रिकार्दो मुती यांनी टेनर साल्वातोरे लिचित्रा याला तो स्वर लावू दिला नाही, तेव्हा वरच्या गॅलरीतल्या जुन्या रसिकांनी उघड निषेध केला. माझे मत मुतींच्या बाजूने झुकते. गायकाला मिळालेल्या सगळ्या स्वातंत्र्यांत उंच स्वर ठोकण्याचे स्वातंत्र्य सर्वांत स्वस्त आहे. तानांचा पाऊस पाडून टाळ्या घेणारे गवई आपण नागपूरकरांनीही कमी ऐकलेले नाहीत. तरीही मनातल्या मनात तो स्वर लागण्याची वाट मीही पाहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक, असे आमच्या घरी म्हणतात. ते कितपत खरे आहे? आणि तेथे ‘वन्समोर’ मिळतो का? (एक वाचक, महाल)

उत्तर : थोडेसे खरे आहे. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून (१८८२) आपल्याकडे संवाद बोलायचे आणि पदे गायची अशी विभागणी आहे, तर इटालियन ऑपेरात संवादही बहुधा गायले जातात. मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ (१७९१) मात्र जर्मन लोकरंगभूमीच्या प्रथेप्रमाणे बोलते संवाद आणि गाणी यांनी बनलेला असल्यामुळे नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या बैठकीतच जवळचा वाटेल. मोठा फरक संगीतकाराच्या अधिकाराचा आहे. ‘मानापमाना’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी किंवा ‘स्वयंवरा’साठी (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, पण पद रंगमंचावर किती फुलवायचे, हे बालगंधर्व त्या रात्रीच्या रंगावर ठरवीत, नागपुरात गाणे शिकलेले वसंतराव देशपांडे तर एकच पद दोन प्रयोगांत सारखे गातील, अशी कोणी अपेक्षाच ठेवीत नसे.

वन्समोरचे म्हणाल तर तो रोग तिकडेही जुना आहे. १७८६ मध्ये व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’ला इतके वन्समोर मिळू लागले, की प्रयोग लांबू नये म्हणून सम्राट दुसरा जोसेफ याने एकट्याने गायच्या आरियांखेरीज काहीही पुन्हा गाऊ नये, असा हुकूम काढला. ला स्कालात तर पुढे अनेक दशके पुन्हा गाणे निषिद्ध मानले जाई. २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस या पेरूच्या टेनरने दोनिझेत्तीची नऊ तार ‘सीं’ची आरिया तेथे दुसऱ्यांदा गायली, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली.

प्रश्न : शंभर वादकांसमोर एक माणूस मायक्रोफोनशिवाय ऐकू कसा येतो?

उत्तर : निव्वळ ताकदीने नव्हे. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा सर्वाधिक जोर ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास असतो आणि त्यानंतर तो उतरत जातो. तयार गायक स्वरयंत्र किंचित खाली ठेवून त्याच्या वरची पोकळी अशी घडवतो, की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा झळाळी येते. तेथे वाद्ये दुबळी असल्यामुळे आवाज त्यांतून आरपार जातो. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवले आहे. पुरुषांच्या आवाजात ही युक्ती अधिक स्पष्ट दिसते. फार उंच गाणाऱ्या सोप्रानो तोंडाचा आकार स्वराप्रमाणे बदलून काम भागवतात. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीच्या आपल्या नाटकमंडळ्यांतील गायकनटांनी हाच प्रश्न पट्टी उंच ठेवून सोडवला होता.

प्रश्न : नागपूरकराने हे सर्व प्रत्यक्ष कोठे ऐकावे?

उत्तर : त्यासाठी मुंबई गाठावी. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघाले, की सकाळी आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर असतो आणि तेथून नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र फार दूर नाही. २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तेथे मुख्यतः फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास आपले हंगाम करतो. गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होते, ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले. वास्तू पाहण्यासाठी तरी तेथे जावे. कार्यक्रम ठरला, की आदल्या दिवशी संहितेचा अनुवाद एकदा शांतपणे वाचून काढावा. तिकीट काढताना मात्र डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात बुवांच्या पुढ्यात बसण्याची सवय बाजूला ठेवावी, कारण ऑपेरात पहिल्या रांगेला वाद्येच अधिक ऐकू येतात. बाल्कनीच्या पुढच्या रांगा पुष्कळदा स्वस्त पडतात आणि गळा व वाद्यवृंद यांचा तोल तेथे अधिक चांगला लागतो.