प्रिंटर ओळखत नाही? आधी त्याचा नंबर वाच

बाबू, प्रिंटर दिसत नाही म्हणून विंडोज नव्यानं टाकायला तालुक्याला धावू नको. केबल लावली की कॉम्प्युटर प्रिंटरला दोन नंबर विचारतो: एक कंपनीचा, एक मॉडेलचा. कॅननचा ०४ए९, एपसनचा ०४बी८. त्या जोडीला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, मिळाला तरच काम पुढं सरकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथं हार्डवेअर आयडी पाहा, त्यात हेच दोन नंबर असतात. कंपनीच्या नंबराच्या जागी नुसती शून्यं दिसली तर ड्रायव्हर शोधत बसू नको, आधी केबल बदल. उंदरांनी कुरतडलेली केबल मी स्वतः दोनदा काढली आहे.

केबल कॉम्प्युटरच्या कुठल्या खाचेत, म्हणजे पोर्टात, लावायची तेही ठरवून ठेव. ज्या यंत्राला स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्याला विंडोज पोर्टवरून ओळखतं. झाडताना निघालेली केबल शेजारच्या पोर्टात लावली की तोच प्रिंटर 'कॉपी १' म्हणून नवा उभा राहतो, अन् लोकांचे सातबारे जुन्याच रांगेत अडकतात.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढायची तर ज्याला प्रिंटर जोडलाय तो पहिला कॉम्प्युटर चालू हवाच. दुसऱ्यावर प्रिंटर जोडताना पहिल्याचा आयपी पत्ता, म्हणजे राउटरनं त्याला दिलेला नंबर, टाकू नको. लाइन जाऊन आली की राउटर नवा पत्ता देऊ शकतो. कॉम्प्युटरचं नाव वापर, नाहीतर राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबराला, एकच आयपी बांधून टाक.

जुलैत पीक विम्याची गर्दी व्हायच्या आधी हे कर. पेरणी सोडून, पावसात भिजत आलेल्या माणसाला 'प्रिंटर ऑफलाइन आहे' सांगताना फार जिवावर येतं.