फुकट मिळालेली एसओ फाईल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल कॅमेऱ्यानं वाचणारी ती एसडीके, म्हणजे ॲपमध्ये जोडायचा तयार कोड, एक कंपनी तुम्हाला सोर्स न दाखवता फुकट देतेय आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आत ती फवारणीच्या ॲपमध्ये बसवून टाकायची, असं तुझं म्हणणं. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला चिकट हातांनी नाव टाइप करायला लागू नये, हा विचार चांगलाच आहे. तरी माझं ऐक, थोडा थांब.

कॉलेज रोडवरच्या एका खोलीत बसून आम्ही पाच जणांनी वाचनालयांसाठी ॲप केलं होतं. तेव्हाच्या स्वस्त फोनवर जोडाक्षरं तुटायची, 'ग्रंथ' धड दिसायचा नाही. एका कंपनीनं अक्षरं नीट दाखवणारी एसओ फाईल, म्हणजे आधीच कम्पाइल केलेला, आत काय आहे ते न दिसणारा कोड, दिली, फुकटच. आम्ही खूश. पुढे ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरनं नव्या, ६४ बिटच्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती सक्तीची केली. आमची फाईल ३२ बिटची. सोर्स, म्हणजे मूळ कोड, हातात नाही, मग ६४ बिटसाठी पुन्हा कम्पाइल काय करणार? कंपनीला मेल केले, उत्तर नाही. गंमत म्हणजे फोन तोवर स्वतःच जोडाक्षरं नीट दाखवायला लागले होते. फाईलची गरजच उरली नव्हती, पण ॲपची प्रत्येक स्क्रीन तिलाच हाक मारत होती. ती उपटून काढण्यात दोन महिने गेले.

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं समजू नकोस. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर चालायचं, तेही फुकट. २००५ मध्ये वाद झाला, फुकटची सोय बंद झाली आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सला त्याच कामासाठी स्वतः गिट लिहायला बसावं लागलं. त्याला ते जमलं. तू-मी काय करणार होतो?

आता लायसन्सचं. तुमचा कोड जीपीएल-३ या खुल्या लायसन्सखाली आहे, म्हणजे ॲप वाटताना त्यात जोडलेल्या सगळ्याचा सोर्सही द्यावा लागतो. त्यात बंद एसडीके जोडून एपीके, म्हणजे ॲपची तयार फाईल, वाटायची तर कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची वेगळी परवानगी लागेल. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कम्प्युटर प्रोग्रामही साहित्यकृतीत मोडतो. ज्यानं लिहिला, हक्क त्याचा. तुमच्याकडे चौदा जणांचा कोड आहे. त्यातला एक परदेशी गेलाय, एकाचा नंबर बदललाय. 'आपलीच पोरं आहेत, नाही म्हणणार नाहीत' हे मला सांगू नकोस. त्यांनी जीपीएल वाचून कोड दिला होता. आणि फक्त खुली ॲप ठेवणारं एफ-ड्रॉइड हे स्टोअर असं ॲप घेणार नाही, ते वेगळंच.

फोटोतली अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट बघ. एचपीमध्ये सुरू झालेलं, २००५ पासून खुलं, मराठीही वाचतं. त्याचं खुलं लायसन्स अपाची-२, ते जीपीएल-३ बरोबर चालतं. (तुमचा कोड जीपीएल-२ खाली असता तर अडला असतास.) पण चकचकीत, गोल बाटलीवर ते चुकेल, हे आधीच सांगते. खरं सांगू? कॅमेऱ्याची गरज मला पटलेलीच नाही. एका हंगामात माणूस फिरून फिरून तीच औषधं मारतो. पहिली दोन अक्षरं टाकली की नाव, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते समोर यावं. युरोपला माल पाठवणाऱ्याला नेमकी हीच नोंद लागते.

तरीही कॅमेरा हवाच असेल, तर तो वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागात, ठेव. तुमच्या कोडनं फक्त 'फोटो देतो, नाव दे' एवढंच विचारावं. आत टेसरॅक्ट आहे की आणखी काही, हे बाकी ॲपला कळताच कामा नये. आम्ही हेच केलं नव्हतं. बंद एसडीके मात्र मॉड्यूलमध्ये लपवलीस तरी जीपीएलचा प्रश्न सुटत नाही, ती पळवाट शोधू नकोस.

रविवारी गंगापूर रोडला येशील तेव्हा लॅपटॉप आण. येण्याआधी एसडीके काढून एकदा बिल्ड कर, म्हणजे ॲप नव्यानं तयार करून बघ, आणि काय काय मोडतं ते कागदावर लिहून आण. यादी अर्ध्या पानाच्या पुढे गेली, तर छाटणी विसर, आधी तेच बघू.

तुझी ताई