जुळ्यांना अंगावरचं दूध पुरतं का? दोघांना एकदम कसं पाजायचं?

बहुतेक आयांना पुरतं. जितकं ओढलं जातं तितकं बनतं, म्हणून सुरुवातीला प्रत्येकाला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. आधी एकेकाला नीट धरता येऊ द्या. मग मांडीवर घट्ट उशी घेऊन दोघांना दोन्ही काखांखाली घ्या, पाय पाठीकडे, मानेला तळहाताचा आधार. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही हवा; नाहीतर चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. नीट धरलं की गिळल्याचा हलका आवाज येतो. एक जोरात ओढतं, दुसरं पेंगतं, म्हणून बाजू रोज बदला. पाचव्या दिवसानंतर प्रत्येकाचे निदान 6 लंगोट ओले व्हायला हवेत. हिशेब वेगवेगळा लिहा, जुळ्यांत तो हमखास चुकतो! कमी भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकदम पाजणं जमलं की रात्रीची तासभर झोप तरी वाचते.