चर्चचे ‘विश्वस्त’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात २००९ साली कॅथलिक चर्चच्या कारभाराविषयी एक विधेयक आले होते. त्याबद्दल मराठीत लिहिताना ‘चर्चवर विश्वस्त मंडळ बसवण्याचा सरकारचा प्रयत्न’ असे म्हटले तर चालेल का? आणि विधेयकातल्या ‘ले मेंबर’ला ‘सामान्य सदस्य’ म्हणावे का?

दोन्ही टाळावेत. आधी ‘विश्वस्त’ पाहू, कारण खरी गडबड तिथेच आहे.

महाराष्ट्रात हा शब्द मोकळा राहिलेला नाही. त्याला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचा वास आहे. त्या कायद्यात विश्वस्त म्हणजे ज्याच्या ठायी मालमत्ता निहित आहे तो. त्याचे नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत चढते, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज करावा लागतो, हिशेबतपासणी चुकत नाही. कलम ३६ खाली तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना स्थावर विकता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. देवळाप्रमाणे चर्चही या कायद्यात येते. तेव्हा ‘विश्वस्त मंडळ बसवले’ असे वाचणाऱ्या मराठी माणसाला वाटणार की मालमत्ता बिशपांकडून काढून दुसऱ्यांच्या नावे केली आणि वर एक आयुक्त नेमला. कनेक्टिकटमध्ये यातले काहीच प्रस्तावित नव्हते.

तिथली जुनी व्यवस्था १८६६ च्या कायद्याची. प्रत्येक कॅथलिक धर्मग्रामाची (पॅरिशची) एक स्वतंत्र निगमित संस्था, आणि तिचे पाच सभासद: बिशप, व्हिकर जनरल (बिशपांचे कारभारातले मुख्य साहाय्यक), त्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू आणि दोन प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा न घेतलेले श्रद्धाळू (विधेयकातले ‘ले मेंबर’ ते हेच). मालमत्ता या संस्थेच्या नावे. पाचांत तिघे धर्माधिकारी, त्यामुळे मत कुठे झुकणार हे ठरलेलेच. (इथे ‘कॉर्पोरेशन’ला ‘महामंडळ’ लिहू नये, महामंडळ म्हटले की मराठी वाचकापुढे एसटी उभी राहते. ‘निगम’ चालेल, ‘निगमित संस्था’ अधिक स्वच्छ.)

२००९ च्या १०९८ क्रमांकाच्या विधेयकाने संस्था तीच ठेवली, मालमत्ताही तिच्याच नावे ठेवली. बदल होता तो आत कोण बसणार याचा. पाचांऐवजी सात ते तेरा प्रापंचिकांचे मंडळ, तेही धर्मग्रामातल्या लोकांनी निवडलेले. बिशप पदसिद्ध, पण मताचा अधिकार नाही. अंदाजपत्रक, आर्थिक व्यवहार, हिशेबतपासणी मंडळाकडे. आणि प्रशासकीय व आर्थिक बाबतींत धर्मगुरूंनी मंडळाला उत्तर द्यायचे. म्हणून शब्द हवा ‘संचालक मंडळ’. विधेयकातही ‘बोर्ड ऑफ डायरेक्टर्स’च होते.

मसुद्यात एक बचावाचे वाक्यही होते: ‘केवळ’ धार्मिक श्रद्धा आणि आचार यांच्याशी संबंधित बाबींत बिशप आणि धर्मगुरू यांचे अधिकार अबाधित राहतील. भाषांतरात हा ‘केवळ’ बहुधा गळतो, आणि तो गळला की वाद कशाचा होता हेच कळत नाही. शाळा बंद करणे, चर्चची इमारत वाढवणे, दानाचा पैसा कुठे वळवायचा हे ठरवणे यातले काहीच ‘केवळ’ धार्मिक नाही, म्हणजे ते मंडळाकडे गेले असते. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत मात्र धर्मग्रामाच्या मालमत्तेची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर आहे (कॅनन म्हणजे कलम ५३२). अर्थसमिती सक्तीची आहे (५३७), पण ती धर्मगुरूंना कारभारात साहाय्य करण्यासाठी. आणि धर्मग्रामाच्या पाळकीय परिषदेला फक्त सल्ल्याचे मत (५३६). सल्ला देणारे आणि जाब विचारणारे यांतला फरक मराठीत ‘समिती’ या एकाच शब्दाखाली झाकला जातो, तो उघडा ठेवायला हवा.

आता ‘सरकारचा प्रयत्न’. मराठीत सरकार म्हणजे मंत्रिमंडळ, सत्ता चालवणारे. हे विधेयक गव्हर्नरांचे नव्हते. ते विधिमंडळाच्या न्यायविषयक समितीत पुढे आले होते. त्यामागे डॅरिएन गावच्या चर्चमधला अपहार होता. तिथल्या धर्मगुरूने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम स्वतःच्या चैनीसाठी वळवली होती आणि २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. काही कॅथलिक लोकांनीच कायदा बदलण्याची मागणी केली. ११ मार्च २००९ ची जाहीर सुनावणी आदल्या दिवशी रद्द झाली आणि विधेयक तिथेच थांबले. तरी ११ मार्चला राज्याची राजधानी हार्टफर्डला हजारो लोक निषेधाला जमलेच. म्हणून ‘कायदा केला’, ‘मागे घेतलेला कायदा’ हेही चुकीचे. विधेयक मतदानापर्यंतही गेले नाही.

‘विश्वस्त’ हा शब्द अगदी चपखल बसतो तो अमेरिकेच्या त्याआधीच्या काळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक कॅथलिक चर्चांची खरेदीखते निवडून आलेल्या प्रापंचिक विश्वस्तांच्या नावे असत, आणि जमीन आमची म्हणून धर्मगुरू नेमायचा-काढायचा हक्कही आमचा, असे ते म्हणत. १८२० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये बिशप विरुद्ध विश्वस्त असे उघड भांडण झाले. याला इंग्रजीत ‘ट्रस्टीइझम’ म्हणतात. मराठीत ‘विश्वस्तशाही’ म्हणायला हरकत नाही, थोडा नापसंतीचा सूर मूळ शब्दातही आहे. न्यूयॉर्कने १८५५ मध्ये बिशपांच्या नावे मालमत्ता करण्यालाच आडकाठी घातली आणि १८६३ मध्ये तीन धर्माधिकारी आणि दोन प्रापंचिक अशा पाच जणांच्या संस्थेची तडजोड मान्य केली. कनेक्टिकटचा १८६६ चा कायदा याच घडणीचा. कॅलिफोर्नियात तिसराच प्रकार: तिथे लॉस एंजेलिसचे आर्चबिशप हे पदच एक निगम आहे. माणूस बदलतो, पद मालक राहते. त्याला ‘एकल निगम’ म्हणावे, आणि पहिल्यांदा वापरताना अर्थ सांगून टाकावा.

भारतातली उदाहरणे देणार असाल तर तिथले शब्द तिथेच ठेवा. केरळमध्ये कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालच्या कायदा सुधारणा आयोगाने २००९ मध्ये चर्चच्या मालमत्तेसाठी निवडून आलेल्या न्यासांचा (ट्रस्टचा) मसुदा सुचवला होता. २०१९ मध्ये न्या. के. टी. थॉमस यांच्या आयोगाचा मालमत्तेविषयीचा दुसरा मसुदा विरोधामुळे बारगळला. पण तिथल्या बातम्यांत ‘ट्रस्टी’ दिसला की थांबावे. सिरो-मलबार (केरळातली पौर्वात्य परंपरेची कॅथलिक शाखा) धर्मग्रामात तो बहुतेकदा ‘कैक्कारन’ असतो, म्हणजे धर्मगुरूंच्या हाताखाली जमाखर्च पाहणारा. मालमत्ता त्याच्या नावे नसते. मराठीत तो ‘कारभारी’ ठरेल. गोव्यात पोर्तुगीज काळापासून ‘फाब्रिका’ आहे: चर्चची इमारत, जमीन, उत्पन्न सांभाळणारी संस्था. लॅटिनमध्ये फाब्रिका म्हणजे बांधकाम, आणि कॅनडातल्या फ्रेंच भाषक क्यूबेकमध्ये ‘फाब्रीक’ आजही कायद्यातला शब्द आहे. फाब्रिकेला ‘ट्रस्ट’ लिहून टाकणे ही निव्वळ आळशी सोय आहे.

दुसरा प्रश्न लहान आहे. ‘ले’ म्हणजे दीक्षित नसलेला. ‘सामान्य सदस्य’ लिहिले तर कोणी ‘विशेष सदस्य’ही असेल असे वाटते. वसईच्या मराठी कॅथलिक लेखनात यासाठी ‘प्रापंचिक’ रूढ आहे, तो घ्यावा. त्याच लेखनातून ‘धर्मग्राम’, ‘धर्मप्रांत’ (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, डायोसीस) आणि ‘प्रमुख धर्मगुरू’ही घेता येतील. ‘पास्टर’ मात्र तसाच उचलू नका. मराठीत तो ऐकला की प्रॉटेस्टंट पाळक डोळ्यांपुढे येतो. तुमचे वाक्य असे होईल: ‘कॅथलिक धर्मग्रामांचा आर्थिक कारभार प्रापंचिकांच्या निर्वाचित संचालक मंडळाकडे देऊ पाहणारे विधेयक’. लांब आहे, पण शीर्षकात ‘धर्मग्रामांचा कारभार प्रापंचिकांकडे देण्याचे विधेयक’ एवढ्यावर भागेल.